डबे खरे की पाटी खरी?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांसाठी तो थोडक्यात सांगतो. तुम्ही चार वर्षांपासून डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहता. शेजारचं कुटुंब बॅप्टिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांमधल्या एका पंथाचं आहे. तुमच्या यजमानांचं बायपास झालं तेव्हा शेजारणीनं आणि तिच्या चर्चमधल्या बायकांनी दोन आठवडे रोज संध्याकाळी डबा आणून दिला, तोही तुम्ही मांसाहार करत नाही हे लक्षात ठेवून. मग निवडणूक आली आणि त्याच घराच्या अंगणात ट्रम्प यांच्या नावाची पाटी लागली. २०२५मध्ये टेक्सासच्या सरकारी शाळांत बायबलमधल्या दहा आज्ञांचे तक्ते लावायचा कायदा झाला, तेव्हा ती तुमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "बरं झालं, देव परत शाळेत आला." तुमची मुलगी चौथीत आहे. तुम्ही विचारलंत की इतकी मायाळू माणसं असं राजकारण कसं करतात, हे त्यांच्या धर्मातच आहे का, आणि आता त्यांच्याशी कसं वागू. शेवटी जाता जाता एक छोटा प्रश्नही आहे: त्यांच्या चर्चमधल्या बुधवारच्या जेवणाला बोलावलंय, जाऊ का?

माझ्याबद्दल चार शब्द. जन्म नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला. गेली २८ वर्षं टेक्सासमधल्या एका बॅप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहायक पाळक आहे. इस्पितळातल्या भेटी, अंत्यविधी, लग्नाआधी जोडप्यांशी बोलणं, तरुणांचा शास्त्राभ्यास, हे माझं रोजचं काम. इथल्या मापानं माझी स्वतःची श्रद्धा कॉन्झर्व्हेटिव्हच आहे. हे आधी सांगतोय, म्हणजे मी कुंपणावर बसून बोलतोय असं तुम्हाला वाटायला नको.

तुमचा खरा प्रश्न मला मतदानाचा वाटत नाही. डबे खरे मानायचे की पाटी खरी मानायची, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये. माझ्या अनुभवात दोन्ही खरी असतात आणि दोन्हींचं मूळही एकच असतं. फक्त पाटीपर्यंत पोचताना त्या मुळाला आणखी काही गोष्टी येऊन चिकटलेल्या असतात. त्या वेगळ्या करता आल्या तर तुम्हाला शेजारीण कळेल. तिचं पटेलच असं नाही.

आधी एक गोष्ट मान्य करतो. 'ख्रिस्ती लोक काय मानतात' याचं उत्तर कुठल्या चर्चबद्दल बोलतोय त्यावर अवलंबून आहे. गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलवर आणि 'नव्या जन्मा'वर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मतदारांतले दहापैकी साधारण आठजण २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत ट्रम्प यांच्या बाजूनं गेले. त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चमध्ये बायबल तितक्याच आदरानं वाचतात, लग्न आणि शरीरशुद्धता यांवरची शिकवणही जवळजवळ तीच असते, पण मतं प्रचंड बहुमतानं डेमोक्रॅटिक पक्षाला पडतात. कॅथलिक तर दोन्हीकडे विभागलेले. त्यांचे बिशप गर्भपाताविरुद्ध ठाम उभे राहतात आणि तेच बिशप नोव्हेंबर २०२५मध्ये स्थलांतरितांना सरसकट हद्दपार करण्याविरुद्ध एकत्र निवेदन काढतात. म्हणून 'हे धर्मातच आहे का' याला सरळ हो म्हणता येत नाही. एकच पुस्तक वाचून माणसं वेगवेगळ्या रांगेत उभी आहेत. तुमच्या शेजारणीचं चर्च गोऱ्या उपनगरी बॅप्टिस्टांचं असावं असं तुमच्या वर्णनावरून दिसतं, तेव्हा पुढचं त्याच जगाबद्दल.

'कॉन्झर्व्हेटिव्ह'ला आपण मराठीत 'सनातनी' किंवा 'पुराणमतवादी' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. शेंडी, सोवळं, विधवांचं केशवपन असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मला त्यापेक्षा १८९१च्या संमतिवयाच्या वादाची आठवण जास्त उपयोगी वाटते. इंग्रज सरकारनं मुलींचं संमतिवय १० वरून १२ केलं. आगरकर कायद्याच्या बाजूनं, टिळक विरोधात. टिळकांचा मुद्दा निव्वळ बालविवाहाच्या बाजूचा नव्हता. आमच्या घरातली सुधारणा आम्ही करू, परक्या सरकारनं कायद्याचा बडगा घेऊन आत येऊ नये, असं ते म्हणत होते. आगरकरांचं म्हणणं, तुम्ही करेपर्यंत मुली मरतात त्याचं काय? बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं नुकतीच मेली होती. एका बाजूला 'ठरवायचं कोणी' हा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला 'सोसायचं कोणी' हा. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक सांस्कृतिक भांडणात हेच दोन प्रश्न एकमेकांना भिडलेले मला दिसतात. तुमची शेजारीण पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, तुम्ही दुसऱ्यापासून.

तिच्या मनातली मांडणी अशी असते. माणूस आधी देवाचा, मग आईबापांचा, मग मंडळीचा, गावाचा, आणि सरकार सगळ्यात शेवटी. कुटुंब सरकारनं निर्माण केलेलं नाही, म्हणून त्याची व्याख्या बदलायचा अधिकारही सरकारला नाही. अब्राहम कायपर नावाचे एक डच पाळक होते, ते १९०१ ते १९०५ नेदरलँड्सचे पंतप्रधानही होते. कुटुंब, चर्च, शाळा, व्यापार या प्रत्येकाचं आपापलं क्षेत्र आहे आणि तो अधिकार त्यांना थेट देवाकडून मिळालेला आहे, राजाकडून नव्हे, असं त्यांनी मांडलं. शेजारणीनं कायपर यांचं नावही ऐकलेलं नसेल, पण तिच्या तोंडून येतं ते हेच. शाळेत काय शिकवायचं ते आईबापांनी ठरवावं, मुलगा-मुलगी हा भेद शरीराबरोबर मिळालेला आहे, तो कार्यालयातल्या फॉर्मवर भरायचा नाही, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. जून २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली, तेव्हा आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना राग कमी आणि हबकल्यासारखं जास्त झालं होतं. ज्याला ते निसर्ग समजत होते त्याची व्याख्या नऊजणांनी मतदान करून ठरवली, हे त्यांना पचेना. दुसऱ्या बाजूला, ज्या जोडप्यांना आजारी जोडीदाराच्या खोलीत नातेवाईक म्हणून जाता येत नव्हतं, त्यांना त्या दिवशी काय वाटलं हेही मी इस्पितळात पाहिलंय. माझी लग्नाबद्दलची श्रद्धा बदललेली नाही. पण त्या दाराबाहेर बसलेल्या माणसाला मी कधी विसरणार नाही.

आणि तुमचे डबे याच मुळातून आले. सरकार शेवटी येतं असं मानणाऱ्याला शेजाऱ्याच्या घरी आधी स्वतः जावं लागतं. २०१७मध्ये हार्वे वादळानंतर मी ह्यूस्टनच्या बाजूला आठ दिवस होतो. पिवळे टीशर्ट घातलेले बॅप्टिस्ट मदतकार्याचे लोक, बहुतेक निवृत्त, साठी-सत्तरीतले. घरात छातीपर्यंत पाणी चढून गेलेलं. भिंतींचे भिजलेले जिप्समचे पत्रे चार फुटांपर्यंत कापून काढायचे, आतला कुजलेला कापूस पोत्यात भरायचा, लाकडावर बुरशीचं औषध मारायचं. मी ज्या घरात होतो ते एका पाकिस्तानी कुटुंबाचं होतं. आमच्यातल्या एका आजोबांनी भिंतीवरची कुराणातल्या वचनाची भिजलेली तसबीर काळजीपूर्वक उतरवली, पुसली, आणि घरमालकाच्या हातात दिली. त्या आजोबांचं मतदान मला माहीत आहे. तुमच्या शेजारणीसारखंच. म्हणून म्हणतो, डब्यांवर शंका घेऊ नका.

आता पाटीला येऊन चिकटलेल्या गोष्टी. इथे मला माझ्याच घराबद्दल स्पष्ट बोलावं लागेल.

गर्भपाताचा मुद्दा घ्या, कारण त्यावरच सगळ्यात जास्त मतं फिरतात. आज ऐकणाऱ्याला वाटतं की बॅप्टिस्ट लोक पहिल्यापासून त्याच्याविरुद्ध पेटलेले होते. तसं नाही. १९७१मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या बॅप्टिस्टांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेच्या सेंट लुईसच्या अधिवेशनानं ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताची कायद्यानं मुभा असावी. १९७३मध्ये गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा रो विरुद्ध वेड खटल्याचा निकाल आला तेव्हाही मोठा आवाज कॅथलिकांचा होता. इव्हँजेलिकल हळूहळू वळले. काही जणांचं मन गर्भाचे फोटो आणि प्रत्यक्ष आकडे पाहून खरोखर पालटलं, आणि मी ते मन खोटं मानत नाही. पण त्याच काळात दुसरं एक काम चाललं होतं. दक्षिणेत गोऱ्यांसाठी काढलेल्या खासगी ख्रिस्ती शाळांच्या करसवलतीवर सरकारनं बोट ठेवलं होतं, त्यावरून पाळक आणि पक्षाचे संघटक एकत्र आले. १९७९मध्ये जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाळकांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली. ऑगस्ट १९८०मध्ये इथेच डॅलसमध्ये हजारो पाळकांच्या सभेत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रेगन म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला माहीत आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. समोरचे उमेदवार होते जिमी कार्टर, स्वतः बॅप्टिस्ट, गावच्या चर्चमध्ये रविवारची शाळा घेणारे, 'नवा जन्म' झालेला असं उघड सांगणारे. तरी इव्हँजेलिकल मतं मोठ्या प्रमाणात रेगन यांच्याकडे गेली. माझ्या समजुतीप्रमाणे त्या वर्षी श्रद्धेला पक्षाचा पत्ता मिळाला.

वंशाचा भाग झाकून ठेवला तर हे उत्तर खोटं होईल. सदर्न बॅप्टिस्ट ही संघटनाच १८४५मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होता यावं या वादातून वेगळी झाली. तिनं त्याबद्दल माफी मागितली १९९५मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी. सरकारनं आमच्या शाळेत येऊ नये, हे वाक्य दक्षिणेत एकेकाळी काळ्या मुलांना बाहेर ठेवण्यासाठी वापरलं गेलंय. आजची शेजारीण त्या अर्थानं ते म्हणत नसेल. तरी ते वाक्य कोणाच्या तोंडातून आलंय हे कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांच्या लक्षात आहे, आणि तेच बायबल वाचून ते दुसऱ्या रांगेत का उभे राहतात याचं मोठं कारण हे आहे.

दुसरी चिकटलेली गोष्ट म्हणजे भीती. २००७मध्ये अमेरिकेतल्या प्रौढांपैकी ७८ टक्के स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, आता साधारण ६२. २०२०मध्ये चर्च, सिनेगॉग, मशीद यांपैकी कशाचे तरी सभासद असणाऱ्यांचं प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, ४७ टक्क्यांवर आलं. आकडे राहू द्या, आमच्या मंडळीत या म्हणजे दिसेल. मागच्या बाकांवर पूर्वी तरुण जोडपी दाटीवाटीनं बसायची, तिथे आता वॉकर आणि काठ्या ठेवतात. ज्यांची मुलं चर्च सोडून गेली ते आईबाप माझ्यासमोर रडतात. हे दुःख खरं आहे. मग कोणीतरी येऊन सांगतं की तुमची मुलं तुमच्यापासून हिरावून नेली, अमक्यांनी नेली, मला मत द्या, मी परत आणतो. दुःखी माणसाला ते पटतं. पण कुठलाही अध्यक्ष कोणाच्या मुलाला चर्चमध्ये परत आणू शकत नाही. हे मी तोंडावर सांगतो तेव्हा लोक गप्प होतात, आणि त्या गप्प होण्यात मला आशा वाटते.

'चर्चमध्ये मत कोणाला द्यायचं ते सांगतात का' असंही तुम्ही मध्येच विचारलंय. १९५४पासून कायदा असा की करसवलत घेणाऱ्या संस्थेनं कुठल्या उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. टेक्सासचेच सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी तो आणला. चर्चवर त्याची अंमलबजावणी फारशी कधी झालीच नाही, आणि जुलै २०२५मध्ये करखात्यानं टेक्सासमधल्या एका दाव्यात असं मान्य केलं की उपासनेत आपल्याच मंडळीशी उमेदवारांबद्दल बोलणं यात येत नाही. प्रत्यक्षात उमेदवाराचं नाव घेणारे पाळक थोडे असतात. बहुतेक ठिकाणी एक घडीपत्रक असतं, डावीकडे एका उमेदवाराचं मत, उजवीकडे दुसऱ्याचं, आणि मुद्दे असे निवडलेले की वाचणाऱ्याला बाण कुठे आहे ते कळावं. एका वर्षी आमच्या दाराशी प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांच्या टोपलीत कोणीतरी ती ठेवली. आजारी माणसांची नावं लिहायची ती टोपली. मी ती पत्रकं उचलून कपाटात ठेवली. एक वडीलधारे सभासद, माझ्या आईच्या निधनानंतर रात्रभर माझ्याबरोबर बसलेले, त्यावरून इतके दुखावले की सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी ते परत आले. पण एक कुटुंब कायमचं गेलं. हे अजून लागतं.

आता एक गोष्ट सांगताना मला त्रास होतो, तरी सांगतो. गर्भातलं मूल हा जीव आहे असं मी मानतो, आणि आमच्या मंडळीतल्या बायका अडलेल्या मुलींसाठी पाळणे, डायपर, दवाखान्याच्या फेऱ्या, सगळं करतात, त्यात मी असतो. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२२पासून जवळजवळ पूर्ण बंदी आली तेव्हा मला समाधान वाटलं होतं. पुढच्याच वर्षी आमच्यातली एक बाई, दोन मुलांची आई, तिसऱ्या खेपेला अठराव्या आठवड्यात पाणी गेलं म्हणून इस्पितळात आली. मूल वाचणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण ठोके चालू होते. डॉक्टर वकिलांना फोन करत होते. आम्ही दोन दिवस ताप चढायची वाट पाहिली, कारण ताप चढला, म्हणजे आईच्या जिवाला धोका दिसला, की मगच कायदा हात लावू देत होता. तिचा नवरा दर तासाला थर्मामीटर बघत होता. ताप वाढावा की वाढू नये यासाठी प्रार्थना काय करायची हे मला कळेना. ती वाचली. २०२५मध्ये विधिमंडळानं कायदा सुधारून मृत्यू अगदी दारात येईपर्यंत थांबायची गरज नाही असं स्पष्ट केलं. त्यासाठी धडपडणाऱ्यांत कट्टर गर्भपातविरोधकही होते. माझी श्रद्धा आजही तीच आहे, पण 'ठरवायचं कोणी' एवढाच प्रश्न विचारून कायदा लिहिला की 'सोसायचं कोणी' हा प्रश्न एखाद्या खोलीत येऊन बसतो, हे मी तिथे शिकलो. माझ्या मंडळीतल्या अनेकांनाही ते त्या बाईमुळे कळलं. तिचं मत बदललं का? नाही. तिनं पुढच्या निवडणुकीतही तिथेच मत दिलं, पण आमदाराला पत्र लिहिलं, दोन पानी, हातानं.

इथवर आल्यावर थोडं मागे वळतो: मूळ एक, म्हणजे काही गोष्टी सरकारच्या आधीच्या आहेत ही श्रद्धा. तिला चिकटलेला पक्ष, चिकटलेला वंशाचा इतिहास, चिकटलेली भीती. शेजारीण बोलते तेव्हा यातलं कुठलं बोलतंय हे ओळखायचा प्रयत्न करा.

दहा आज्ञांच्या तक्त्यात मला श्रद्धा कमी आणि भीती जास्त बोलताना ऐकू येते. तक्ता किमान १६ बाय २० इंचांचा, प्रत्येक वर्गात, सगळ्यांना दिसेल असा. आता गंमत नाही, खेदाची गोष्ट ही की बॅप्टिस्ट परंपरा याच्या अगदी उलट होती. पुढे अमेरिकेतलं पहिलं बॅप्टिस्ट चर्च काढणाऱ्या रॉजर विल्यम्स यांनी १६३६मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं ते सरकारनं माणसाच्या सद्सद्विवेकावर हात ठेवू नये म्हणून. १८०१मध्ये कनेटिकटातल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी अध्यक्ष जेफर्सन यांना पत्र लिहिलं, कारण त्या राज्यात दुसऱ्या पंथाला सरकारी मान्यता होती आणि बॅप्टिस्ट अल्पसंख्य होते. 'चर्च आणि राज्य यांमधली भिंत' हे शब्द जेफर्सन यांनी त्या पत्राच्या उत्तरात वापरले. म्हणजे ही भिंत मागणारे आमचेच पूर्वज. देवाची आज्ञा सरकारी खिळ्यानं ठोकावी लागते असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. हा युक्तिवाद तुम्ही केलात तर बाहेरचा वाटेल, म्हणून तो मी देऊन ठेवतोय. शेजारणीला नुसतं विचारा, "डॅनबरीच्या बॅप्टिस्टांबद्दल तुमच्या चर्चमध्ये शिकवतात का?"

तुमच्या मुलीला काय वाटत असेल याची मला वेगळ्या बाजूनं कल्पना आहे. मी नगर जिल्ह्यातल्या गावच्या शाळेत होतो. दसऱ्याला पाटीपूजन असायचं. पाटीवर खडूनं सरस्वती काढायची, झेंडूचं फूल वाहायचं, हात जोडायचे. वर्गात ख्रिस्ती घरातला मी एकटा. गुरुजी फार प्रेमळ होते, कोणी मला एक शब्द वाईट बोललं नाही. तरी पोटात गोळा यायचा. हात जोडले तर घरी काय सांगू, नाही जोडले तर मित्र काय म्हणतील. एका वर्षी गुरुजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला हळूच फळा पुसायचं काम दिलं, मी पाठमोरा झालो, आणि तेवढ्या वेळात पूजा आटोपली. पन्नास वर्षं झाली, मी त्या माणसाला विसरलो नाही. बहुसंख्यांच्या भिंतीवर त्यांचा देव असतो तेव्हा त्यांना तो दिसतच नाही. तो दिसतो फक्त एकट्या मुलाला. माझ्या मंडळीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तक्त्याच्या बाजूच्या दोन आज्या उपासनेनंतर मला येऊन भेटल्या. एकीनं विचारलं, "इथे असं मूल कोण आहे?" तिला अशी मुलं माहीतच नव्हती. तुमची मुलगी त्यांच्यातली एक आहे, आणि शेजारणीला ती माहीत आहे. या एका गोष्टीत तुम्ही माझ्यापेक्षा पुढे आहात.

तेव्हा वागायचं कसं? उमेदवारावर बोलू नका, त्यातून काही निघत नाही. फोनवर मेसेज पाठवून तर मुळीच बोलू नका. चहाला बोलवा आणि विचारा की तुमच्या मुलांचं काय हरवेल अशी तुम्हाला भीती वाटते. ती बोलेल, बराच वेळ बोलेल. मधे तोडू नका. मग तुमच्या मुलीचं सांगा, वर्गात ती कुठे बसते, तिला काय वाटतं. कायद्याची बाजू मांडायची गरज नाही. हा कायदा कोर्टात गेलेला आहे, दावा करणाऱ्यांत ज्यू, ख्रिस्ती आणि हिंदू कुटुंबंही आहेत, ऑगस्ट २०२५मध्ये न्यायाधीशांनी काही शाळा-जिल्ह्यांपुरती स्थगितीही दिली होती. तुमच्या जिल्ह्याची आजची स्थिती काय ते शाळेच्या ऑफिसात विचारा. शाळेच्या बोर्डापुढे बोलायचं ठरवलंत तर आधी शेजारणीला सांगा. तिला ते दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

एक मात्र परिस्थितीवर आहे. ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडच्या मंदिरात २०२४मध्ये ९० फुटी हनुमानाची मूर्ती उभी राहिली, तिच्याबद्दल एका राजकारण्यानं 'खोट्या देवाची मूर्ती' वगैरे लिहिलं, ते तुम्ही वाचलं असेल. शेजारीण तुमच्या तोंडावर किंवा मुलीसमोर अशी भाषा वापरू लागली तर अंतर ठेवा. डबे आठवून अपमान गिळायचं कारण नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. ती तुमच्यासाठी प्रार्थना करते, आणि तुम्ही ख्रिस्ताकडे यावं ही इच्छा त्या प्रार्थनेत असते. मी हे लपवणार नाही, कारण माझ्याही प्रार्थनेत ती असते. डब्याची ती किंमत नव्हती. तुम्ही कधीच चर्चला गेला नसता तरी डबे आले असते. धर्मांतर हा शब्द तुमच्या घरी कडू असेल. आमच्या घरात त्याचा अर्थ पाटी-पेन्सिल असा होता. माझे पणजोबा गावची येसकरकी, म्हणजे वेशीची राखण, करायचे आणि त्यांच्या मुलाला पहिल्यांदा ओटीवर बसवून अक्षर शिकवलं ते अमेरिकन मराठी मिशनच्या मास्तरांनी. १८३१मध्ये नगरला आलेलं हे मिशन. सिंथिया फॅरारबाई तिथे मुलींच्या शाळा चालवत, जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि मग पुण्यात स्वतःची शाळा काढली. ते मिशनरी बायबलच्या बाबतीत तुमच्या शेजारणीइतकेच, किंबहुना जास्त, कट्टर होते. त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या मंडळाचे चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स १८३०च्या आसपास आपल्याच सरकारशी भांडत होते, चेरोकी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलू नका म्हणून. त्याच मंडळाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर त्यापायी जॉर्जियाच्या तुरुंगात गेले. कट्टर श्रद्धा कुठल्या पाटीकडे जाते हे आधीच ठरलेलं नसतं, असं मी म्हणतो ते त्यांच्याकडे बघून.

राहता राहिलं बुधवारचं जेवण. जा, मुलीला घेऊन जा. सहाच्या सुमाराला सुरू होतं, मोठ्या हॉलमध्ये गोल टेबलं असतात, आधी कोणीतरी एक मिनिटाची प्रार्थना म्हणतं, तेव्हा नुसतं शांत बसलात तरी कोणाला खटकत नाही. जेवणानंतर मुलांचा वेगळा वर्ग असतो, त्यात तिला पाठवायचं नसेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, ते ऐकतील. आणि हिरव्या शेंगांची भाजी घेण्याआधी विचारा. टेक्सासमध्ये ती बहुतेक बेकन घालून शिजवतात.